मोज्यांवरची खूण

जालना
सोमवार, १३ जानेवारी २०२५

मधुवंती,

शनिवारी तू डॉक्टर प्रीती यांना फोन करून शबनमची नोकरी घालवलीस आणि रविवारी सकाळपासून माझा नंबर ब्लॉक करून ठेवलास, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. पत्र ब्लॉक करता येत नाही. न वाचता फाडता येतं, पण ते तुला जमणार नाही. तुला दुसऱ्यांची पत्रंसुद्धा न वाचता राहवत नसे.

वर 'चि.' लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही. उद्या संक्रांत आहे आणि गोड बोलायला माझ्याकडे काही नाही.

तू डॉक्टरांना सांगितलंस की या पोरीने आमच्या आईला भाजलं आणि कबूल केलं नाही. यातलं एकही वाक्य खरं नाही. आईच्या कमरेवर जे आहे ते भाजलेलं नाही. बिब्बा उतला आहे. पुण्यात राहून बिब्बा विसरली असशील तर आठवण देते. आपले सगळे कपडे परटाकडून यायचे तेव्हा कोपऱ्यात काळा ठिपका असायचा, तो बिब्ब्याचा. धुऊन जात नाही. तो चीक अंगाला लागला तर फोड येतात. आईला आले आहेत, तळहाताएवढ्या भागात.

हे कसं झालं ते क्रमाने लिहिते, कारण तू क्रम न विचारता निकाल दिलास.

दिवाळीत तुझ्या पार्थने जर्मनीहून आजीसाठी तीन जोड मोजे आणले. खोक्यावर पँटीहोज असं लिहिलेलं, कमरेपर्यंतचे, पाय घट्ट आवळून धरणारे. आईच्या शिरा फुगलेल्या आहेत, घोट्याची जखम गेल्या वर्षी पाच महिने भरत नव्हती, तेव्हा वस्तू उपयोगाचीच होती. पार्थचं मी तेव्हाच कौतुक केलं होतं. पण ते मोजे इथे पाठवण्याआधी तू तिन्हींची लेबलं कात्रीने काढलीस, कारण ती 'आईला टोचतील.' मधुवंती, ती लेबलं मागच्या बाजूला असतात, आणि मागची बाजू कळावी म्हणूनच असतात. ती गेल्यावर हातात काय राहिलं? कातडीच्या रंगाची दोन नळकांडी. टाचेला आकार नाही, पुढे मागे काही फरक नाही.

आईने ते पाहिले आणि म्हणाली, "हे काय, माणसाचं कातडं सोलून पाठवलं का पार्थने?" मग म्हणाली, "जल्मभर नऊवारी नेसले. डोळे मिटून कासोटा बराबर मागंच जायचा. आन् ह्याला म्होरं कुठलं, मागं कुठलं?"

पहिला आठवडा ते उलटे घातले गेले. उलटे घातले की ते मागून खाली सरकतात, गुडघ्यामागे वळकटी होते आणि तिथे रक्त अडतं. काळानिळा पट्टा उठला. त्याचा फोटो मी तुला पाठवला होता. तू अंगठा दाखवला होतास.

आईला सांभाळणारी शबनम गावाहून परत आली तेव्हा तिने मोजा हातात घेतला, कंबरपट्टी ताणली, आत हात घालून जोडापर्यंत चाचपलं आणि म्हणाली, "बाई, ही मागची बाजू. इकडं कापड जास्त हाय. माणूस खाली बसला की मागनंच जास्त लागतं ना." कसं कळलं विचारलं तर म्हणाली, "अब्बा रफू करतात. ताणून बघितलं की वीण सांगती."

त्यावर आई मला म्हणाली, "अरुंधती, तुला ते गोल्ड मेडल कशाचं मिळालं होतं गं?"

शबनम पंधरा तारखेपासून डॉक्टर प्रीतींच्या दवाखान्यात लागणार होती. ती गेल्यावर बाजू कळणं अवघड होतं, म्हणून मोज्यांवर मागच्या बाजूला खूण करणं आवश्यक झालं. पेनची खूण धुतल्यावर जाते. टाका घातला तर वीण उसवत जाते. म्हणून बिब्ब्याची खूण करण्यात आली. नायलॉनवर ती नीट बसली नाही आणि आईला त्रास झाला. एवढंच झालं आहे. यात कोणी आईला भाजलेलं नाही, कोणी काही लपवलेलं नाही.

त्या मुलीने नर्सिंगचा कोर्स केला आहे. चौदा महिने आपल्या आईचं अंग पुसलं आहे, जखम धुतली आहे. तिची पहिली पक्की नोकरी तू एका फोनवर घालवलीस. तेव्हा तो फोन तूच परत कर. बुधवारपर्यंत.

अरुंधती

•

जालना
सोमवार, २० जानेवारी २०२५

मधुवंती,

तुझं उत्तर मिळालं. सात ओळी. तू डॉक्टरांना फोन केलेला नाहीस हे मला तुझ्या उत्तराआधीच कळलं होतं, कारण मी स्वतः दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर सभ्यपणे बोलल्या. म्हणाल्या, "बाई, रुग्णाला इजा केल्याची तक्रार आहे. तीही रुग्णाच्या घरातून. मी काय करू? तुमच्या बहिणीने परत फोन केला किंवा कोणी जबाबदारीने लेखी दिलं तर बघते. जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवते, पुढे नाही."

म्हणजे आज धरून बारा दिवस आहेत.

तू लिहितेस, "खूण कोणी केली ते तू लिहिलं नाहीस, ताई. व्हिडिओ कॉलवर मी विचारलं तेव्हा ती पोरगी खाली बघत होती. आणि तू कुठे होतीस?"

मी स्वयंपाकघरात होते. आईसाठी पाणी गरम करत होते.

आता मी सांगते. ती खाली बघत होती, कारण तिच्या हातात गार पाण्याची पट्टी होती आणि ती आईच्या कमरेवर ठेवत होती. तू ओरडत असताना ती म्हणाली, "ताई, आधी आजींची आग कमी करू द्या, मंग बोला." यात तुला उद्धटपणा दिसला. मला एवढंच दिसलं की त्या खोलीत आईकडे बघणारी ती एकटी होती.

आणि तू तिला काय म्हणालीस ते आठव. "तुमच्यात असंच करतात का?" तुमच्यात म्हणजे कोणाच्यात? रफूवाल्यांच्यात? हसनाबादवाल्यांच्यात? नर्सिंग शिकलेल्यांच्यात? तुला काय म्हणायचं होतं ते तुलाही ठाऊक आहे, मलाही, आणि तिला तर सगळ्यांत आधी कळलं. आपले भाऊ, म्हणजे आपले वडील, चाळीस वर्षं या गावात वकिली करत होते. त्यांचे निम्मे पक्षकार घरात उर्दू बोलणारे. ते लोक आपल्या ओसरीवर बसायचे आणि तू त्यांच्या मांडीवर खेळायचीस. 'तुमच्यात' हा शब्द तू कोणत्या दुकानातून आणलास?

त्या दिवसानंतर ती आपल्या घरी आलेली नाही. गावी हसनाबादला गेली आहे. मी दोनदा फोन केला. तिची आजी अकबरबी यांनी उचलला. म्हणाल्या, "बच्ची सोयी हुई है." सकाळी अकरा वाजता. चौदा महिन्यांत ती मुलगी साडेपाचच्या पुढे झोपलेली मी पाहिली नाही.

आईचे फोड बसत आहेत. मोजे तिन्ही जोड खड्डा करून पुरले. जाळले तर धूर बाधतो. पायांना सूज परत आली आहे.

तू मला लिहिलंस, "तुला आयुष्यात कधी चूक मान्य करता आली नाही." हे वाक्य तू आतापर्यंत किमान तीन वेळा लिहिलं आहेस. आईला पुण्याला न्यायचं ठरलं आणि मी नेऊ दिलं नाही, तेव्हापासून. आईला तुझ्या सातव्या मजल्यावर ठेवली असती तर तिने कोणाशी बोलायचं होतं? लिफ्टशी?

फोन कर.

अरुंधती

•

जालना
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

मधुवंती,

पार्सल मिळालं. नवे दोन जोड. या वेळी लेबलं जागेवर आहेत. सोबत चिठ्ठी नाही. चिठ्ठी नसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावणार नाही.

आज सकाळी मी आईला त्यातला एक जोड घातला. लेबल मागे. आई पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. मोजा कमरेपर्यंत वर आला तेव्हा म्हणाली, "आता लेबल हाय. आता तुझी चूक व्हायची न्हाई."

मी कंबरपट्टी सरळ केली.

"मंग आता सांग की मधूला."

"काय सांगू?"

"अरुंधती, मला माझ्या मागचं दिसत न्हाई म्हणून मला काहीच दिसत न्हाई असं समजून राह्यली का तू?"

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आहे. चष्म्याशिवाय तिला मी ओळखू येत नाही. तरी हे बोलली, आणि मग मला चहा मागितला.

तेव्हा आता सरळ लिहिते. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी स्वयंपाकघरात नव्हते. पलंगाच्या उशाशी उभी होते. फोन माझ्याच हातात होता. तुला आईची कंबर दिसावी म्हणून मीच तो धरला होता, म्हणून तुला मी दिसले नाही.

बिब्बा मी लावला.

शबनमने नोकरीचं सांगितलं त्या दिवशी दुपारी आई झोपल्यावर मी तो मोजा पलंगावर ठेवून दार लावलं. शबनम मोजे नेहमी मागची बाजू वर येईल असे दुमडून ठेवत असे, तिथे पेनने बारीक खूण केली. डोळे मिटायचे, मोजा गोल फिरवायचा, हाताने मागची बाजू ओळखायची. वीस वेळा केलं. अकरा वेळा चुकले. एखादं नाणं फेकूनही मला याहून जास्त गुण मिळाले असते. मी एकतीस वर्षं मुलींना वस्त्रशास्त्र शिकवलं. उभा धागा, आडवा धागा, वीण, ताण. फळ्यावर. ती मुलगी ते बोटांनी वाचत होती आणि मला ते वाचता येत नव्हतं. हे कोणाला सांगायचं नव्हतं. तिला पुन्हा विचारायचं तर मुळीच नव्हतं.

म्हणून मंगळवारी, ती कागदपत्रं द्यायला दवाखान्यात गेली होती तेव्हा, मी बिब्बा दिव्यावर गरम केला, सुईने टोचला आणि तिने दुमडून ठेवलेली बाजू पाहून तिन्ही जोडांना मागच्या पट्टीवर आतून ठिपका दिला. बाहेरून दिला असता तर दिसायला वाईट, म्हणून आतून. वरून चुना लावला. हीच पद्धत मी दरवर्षी नववीला शिकवत असे. सुती कापडाला. सुती कापडात बिब्बा मुरतो. नायलॉन काही पीत नाही, त्यावर तो ओलाच बसून राहतो. हे मला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी त्याचा विचार केला नाही.

बुधवारी सकाळी शबनमने मोजा घालायला घेतला आणि थांबली. नखाने ठिपका खरवडून पाहिला. "बाई, हे सुकलं न्हाई. चिकटून राह्यलंय. आजींची कातडी लई पातळ हाय."

मी म्हणाले, "मी हे एकतीस वर्षं शिकवलं आहे. घाल."

तिने घातला. पण पट्टीच्या आत जुन्या धोतराची एक चौपदरी घडी ठेवली, ठिपक्याच्या बरोबर खाली. मला न सांगता. दुपारी आईला कूस बदलून देताना ती घडी माझ्या हाताला लागली. मी ती काढून टाकली. गैरसोय होत होती म्हणून नाही. या पोरीचा माझ्यावर विश्वास नाही, याचा मला राग आला म्हणून.

शुक्रवारी फोड उठले. शबनमला ती घडी तिथे दिसली नाही तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मग तुझा व्हिडिओ कॉल आला. "हे कोणी केलं?" असं तू विचारलंस तेव्हा तिने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. तू पुण्याहून पाहत होतीस, तुला ते कळलं नाही. मला कळलं. तिने माझं नाव घेतलं नाही. मीही माझं नाव घेतलं नाही.

आता तुझा राग माझ्यावर काढ, हरकत नाही. पण तो काढून झाल्यावर हेही लक्षात ठेव की तू तरीही दोषी आहेस. मी गप्प राहिले म्हणून तुला 'तुमच्यात' म्हणण्याची परवानगी मिळत नाही. मी गप्प राहिले म्हणून तू एका मुलीची चौकशी न करता तिच्या पोटावर पाय द्यावास असं होत नाही. लेबलं कापल्याबद्दल मी तुला दोष दिला, तो मागे घेते. तू प्रेमापोटी कापलीस. मी ठिपका दिला तो प्रेमापोटी नव्हता.

मी डॉक्टरांना लेखी देणार आहे. तू शबनमला दोन ओळी लिही. मला नको, तिला. मी पुढच्या शुक्रवारी हसनाबादला जाणार आहे. तोपर्यंत पत्र आलं तर ते नेऊन देईन.

अरुंधती

•

जालना
शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

मधुवंती,

मंगळवारी डॉक्टर प्रीतींकडे गेले. दोन पानं लिहून नेली होती. त्यांनी ती माझ्यासमोर वाचली, दुसरं पान दोनदा. म्हणाल्या, "बाई, हे माझ्या फाईलला कायमचं राहील. गावात सगळे तुम्हाला ओळखतात. थोडं सौम्य करून लिहिता का?"

मी म्हणाले, "विद्यार्थिनींचे पेपर मी कधी सौम्य तपासले नाहीत."

त्यांनी नेमणुकीचं पत्र काढून दिलं. सोमवारपासून रुजू. शबनमला फोन करून बोलावते म्हणाल्या. मी म्हणाले, हे पत्र मलाच न्यायचं आहे.

काल सकाळच्या बसने गेले. कांताबाई शेजारून येऊन आईजवळ बसल्या. बस भरलेली, केदारखेड्याच्या बाजारची गर्दी. एका माणसाने उठून जागा दिली आणि विचारलं, "बाई, कोणाकडं चाल्ल्या?" मी सांगितलं, निजामोद्दीन रफूवाल्यांकडे. म्हणाला, "काही फाटलं का?" मी हो म्हणाले.

घर सापडायला वेळ लागला नाही. अकबरबी दारात वाल निवडत होत्या. मला ओळखलं, उठल्या नाहीत. "आव बाई, बैठो. देने आये या लेने आये?"

"द्यायला आले."

"तो फिर चाय पीके देव. खाली पेट देना अच्छा नहीं."

शबनम आतून आली. वाळली आहे. तिने आधी आईचं विचारलं. फोड बसले का, खाज येते का, घोट्याजवळ लाल झालंय का. मी एकेक उत्तर दिलं, तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. मग मी तिला कागद दिले. नेमणुकीचं पत्र तिने एकदा पाहिलं आणि मांडीवर पालथं ठेवलं. डॉक्टरांना दिलेल्या माझ्या पत्राची प्रत वाचत बसली. निजामोद्दीन मशीनवरून उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि खांद्यावरून वाचू लागले. त्यांना मराठी हळू वाचता येतं. त्यांचं होईपर्यंत ती थांबली.

मग म्हणाली, "बाई, त्या दिवशी फोन तुमच्याच हातात व्हता."

"होता."

"मी तुमच्याकडं बघितलं व्हतं."

"मला दिसलं होतं."

"मंग?"

मधुवंती, मी शाळेत हजारो मुलींना उभं करून 'मग?' असं विचारलं आहे. समोरच्याला ते कसं लागतं हे मला काल कळलं. मी म्हणाले, "मला लाज वाटली, म्हणून मी गप्प बसले. आणि तू गप्प बसलीस म्हणून माझं निभलं. मी तुझी माफी मागायला आले आहे." ती चहाचे कप उचलून आत घेऊन गेली.

निजामोद्दीन म्हणाले, "बाई, एक कागद डॉक्टरकडं राहील, हा पोरीसंगं जालन्याला जाईल. आमच्याकडं काय राहील? गावात लोक विचारून राह्यले की पोरगी कामावरनं का काढली. मी कोणाकोणाला डॉक्टरकडं पाठवू?"

मी तिथेच बसून दुसरी प्रत लिहायला घेतली. पहिलं पान झाल्यावर ते म्हणाले, "ते 'तुमच्यात' बोलल्या व्हत्या त्या ताई, ते बी लिहा."

मी लिहिलं. तुझ्या नावासकट. ते सौम्य केलेलं नाही.

निघताना शबनम दारापर्यंत आली. म्हणाली, "आजींना भेटायला येईन. कामाला न्हाई येणार." मी ठीक आहे म्हणाले. आणखी काही म्हणायचा मला अधिकार नव्हता.

आईला घरी येऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

नोंद ठेवण्याची मला सवय आहे. एक प्रत तुला असावी, म्हणून खाली उतरवून पाठवते.

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५. मुक्काम हसनाबाद, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

शबनम निजामोद्दीन शेख हिच्या हातात दिलं:
डॉक्टर प्रीती यांच्या सहीचं नेमणुकीचं पत्र, एक पान.
चौदा महिने आमच्या आई कौसल्याबाई यांची शुश्रूषा उत्तम केल्याचा दाखला, एक पान. खाली आईची सही, थरथरलेली, पण तिची तिनेच केलेली.
बिब्बा मी लावला, घडी मी काढली, विचारलं तेव्हा मी बोलले नाही, असा माझ्या सहीचा कागद, दोन पानं.

निजामोद्दीन शेख यांच्या हातात दिलं:
वरील कागदाची दुसरी प्रत, तिथेच लिहिलेली, तीन पानं.

मधुवंतीचं पत्र: आलं नाही, म्हणून दिलं नाही.

घेणाऱ्यांच्या सह्या: दोन्ही झाल्या.
देणारी: अरुंधती भालचंद्र परतूरकर